‘नेचर’ आणि ‘निसर्ग’ : एका शब्दाच्या अर्थच्छटांचा विचार

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत एक विधान वर्षानुवर्षे आढळते : ‘ॲरिस्टॉटलच्या मते कला ही निसर्गाची अनुकृती होय.’ हे विधान निराधार म्हणता येणार नाही. कला निसर्गाचे अनुकरण करते, अशा आशयाचे वचन ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’ या ग्रंथात खरोखरच आहे. अडचण सुरू होते ती त्यापुढील वाक्यात. डोंगर, नद्या, वृक्ष, पक्षी यांचे हुबेहूब चित्रण म्हणजे अनुकृती, असे स्पष्टीकरण विद्यार्थी देतो, उदाहरणादाखल बालकवींच्या एखाद्या कवितेचा उल्लेख करतो आणि प्लेटोच्या आक्षेपांकडे वळतो. ‘पोएटिक्स’मध्ये मात्र डोंगर नाही आणि नदीही नाही. तेथे अनुकृतीचा विषय आहे तो कृती करणारी माणसे. ‘फिजिक्स’मधील ते वचनदेखील काव्यासंबंधी नसून गृहरचना, वैद्यक अशा सर्वच कौशल्यांसंबंधी आहे, निसर्ग ज्याप्रमाणे एखादे साध्य गाठण्यासाठी क्रमाने पावले टाकतो, त्याप्रमाणे कारागीरही टाकतो, एवढाच त्याचा अभिप्राय. विद्यार्थ्याची चूक ॲरिस्टॉटल न वाचल्यामुळे झाली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती ‘निसर्ग’ या मराठी शब्दानेच घडवून आणली आहे, असेही म्हणता येईल. ‘नेचर’ या इंग्रजी शब्दाला मराठीने एक पर्याय दिला, त्या पर्यायाचा अर्थ पुढे संकोचला, आणि तो संकोचलेला अर्थ आता मूळ इंग्रजी शब्दावर उलट लादला जात आहे. प्रस्तुत लेखात या देवघेवीचा विचार करावयाचा आहे.

‘नेचर’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. लॅटिन ‘नातूरा’ हा शब्द ‘जन्मणे’ या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झालेला आहे; ‘नेशन’, ‘नेटिव्ह’ इतकेच नव्हे तर ‘रेनेसाँस’ हे शब्दही त्याच कुळातले. (‘नेटिव्हिझम’ला मराठीत ‘देशीवाद’ म्हटल्यामुळे ‘नेटिव्ह’ आणि ‘नेचर’ ही सख्खी भावंडे आहेत, हे मराठी वाचकाच्या दृष्टीआड झाले, ही गोष्ट वेगळी.) रोमन लेखकांनी ‘नातूरा’ हा शब्द ग्रीक ‘फ्युसिस’चा पर्याय म्हणून वापरला. ‘फ्युसिस’च्या मुळाशी ‘उगवणे, वाढणे, होणे’ या अर्थाचा धातू आहे. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी जन्म आणि दुसऱ्याच्या मुळाशी वाढ. या दोन्ही धातूंचे सजातीय धातू संस्कृतात आहेत. लॅटिन धातूचा सगोत्र संस्कृत ‘जन्’, आणि ग्रीक धातूचा सगोत्र ‘भू’. तेव्हा ‘नातूरा’चे नाते ‘जाति’ या शब्दाशी आणि ‘फ्युसिस’चे नाते ‘स्वभाव’मधील ‘भाव’ या पदाशी जुळते. या नात्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

लॅटिन शब्द इंग्रजीत रुळण्यापूर्वी त्या भाषेचा स्वतःचा एक शब्द हेच काम करीत होता. तो म्हणजे ‘काइंड’. आज ‘काइंड’ म्हणजे प्रकार आणि ‘काइंड’ म्हणजे दयाळू, हे दोन अर्थ परस्परांशी असंबद्ध वाटतात. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ जन्म, कूळ, वंशप्राप्त प्रकृती असा होता. आपल्या कुळाला साजेसे वागणारा तो ‘काइंड’, आणि आपल्या माणसांशी माणसासारखे वागणे हेच कुळाला साजेसे वागणे, या वळणाने तो शब्द दयाळूपणाकडे गेला. हॅम्लेट रंगभूमीवर येताच जो पहिला उद्गार काढतो त्यातील श्लेष याच शब्दावर बेतलेला आहे. ‘नेचर’ हा शब्द जेव्हा ‘काइंड’च्या जागी आला तेव्हा हा सगळा वारसा त्याला मिळाला. वस्तूचा मूळ धर्म, माणसाची घडण, आप्तांविषयी वाटणारी ओढ हे सारे त्या एका शब्दात सामावले. बाहेरचे रान, आकाश, समुद्र यांच्यापुरता अर्थ या वारशात नव्हता.

या शब्दाची अनेकार्थता इंग्रजी विचारवंतांना फार लवकर जाचू लागली होती. रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञाने १६८६ साली या शब्दाच्या रूढ कल्पनेची चिकित्सा करणारा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात त्याने ‘नेचर’चे आठ अर्थ वेगळे केले आणि प्रत्येक ठिकाणी अधिक नेमका शब्द वापरावा असे सुचवले. सूचना शहाणपणाची होती आणि कोणीही ती पाळली नाही. जॉन स्टुअर्ट मिल याच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेचर’ या निबंधात पुन्हा हाच प्रश्न दोन अर्थांपर्यंत आणून ठेवला आहे. जे जे अस्तित्वात आहे ते सर्व, मनुष्य आणि त्याच्या कृती यांसह, हा एक अर्थ. मनुष्याच्या हस्तक्षेपावाचून जे घडते तेवढेच, हा दुसरा. मिलचा निष्कर्ष मर्मभेदक आहे. पहिल्या अर्थाने पाहिल्यास ‘निसर्गाला अनुसरून वागा’ हा उपदेश निरर्थक ठरतो, कारण त्याविरुद्ध वागणे कोणालाच शक्य नाही. आणि दुसऱ्या अर्थाने पाहिल्यास तो अविवेकी ठरतो, कारण मनुष्याची प्रत्येक हितकारक कृती ही निसर्गात केलेला हस्तक्षेपच असते. विसाव्या शतकात आर्थर लव्हजॉय याने १९२७ साली सौंदर्यविषयक निकष म्हणून हा शब्द किती परस्परविरोधी अर्थांनी राबवला गेला ते दाखवले. सी. एस. लुईस याने ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथात त्याला एक दीर्घ प्रकरण दिले, आणि रेमंड विल्यम्स याने ‘कीवर्ड्स’ (१९७६) मध्ये हा बहुधा इंग्रजीतील सर्वांत गुंतागुंतीचा शब्द असावा असे म्हटले. विल्यम्सने केलेली त्रिविध मांडणी अध्यापनासाठी सर्वांत उपयुक्त आहे : वस्तूचा अंगभूत धर्म, जगाला वा माणसाला चालवणारी अंतःशक्ती, आणि प्रत्यक्ष भौतिक जग. मात्र लुईसचे एक निरीक्षण अधिक मोलाचे. जुने साहित्य वाचताना अनोळखी शब्द धोक्याचा नसतो, कारण वाचक कोश उघडतो. धोक्याचा असतो तो ओळखीचा शब्द. त्याचा आजचा प्रमुख अर्थ जुन्या वाक्यातही बऱ्यापैकी बसतो आणि वाचकाला संशयही येत नाही. अशा अर्थाला लुईसने ‘धोक्याचा अर्थ’ असेच नाव दिले आहे.

हा धोका कोठे आणि कसा असतो हे ‘किंग लिअर’ इतके क्वचितच दुसरी कोणती कृती दाखवील. जॉन डॅन्बी याने १९४९ साली या नाटकावर लिहिलेला ग्रंथ शेक्सपिअरच्या ‘नेचर’विषयक विचारांनाच वाहिलेला आहे, यात आश्चर्य नाही, कारण या नाटकात हा शब्द जणू एक पात्र म्हणून वावरतो. पहिल्या अंकात ग्लॉस्टरचा अनौरस पुत्र एडमंड ‘नेचर’ला आपली देवता म्हणून आवाहन करतो. त्याची ‘नेचर’ म्हणजे रूढी, वारसाहक्क, औरस-अनौरस हे भेद यांच्या पलीकडची नग्न शक्ती. ज्याच्या अंगी जोम त्याचे जग, असा तिचा कायदा. त्याच अंकात थोड्या वेळाने लिअरही ‘नेचर’ या देवतेलाच हाक मारतो आणि गॉनेरिलची कूस उजवू नये असा शाप मागतो. त्याची ‘नेचर’ मात्र वेगळी आहे. मुलांनी आईबापांना मान द्यावा, प्रजेने राजाला द्यावा, हा विश्वाचाच क्रम आहे, आणि त्याचा भंग करणाऱ्याला विश्वाने शासन करावे, अशी त्याची श्रद्धा. एकाच देवतेच्या दोन उपासकांच्या मनात दोन परस्परविरोधी देवता आहेत, आणि शेक्सपिअरने त्यांना नाव मात्र एकच दिले आहे. नाटकाचा संघर्ष या एका शब्दाच्या पोटात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच नाटकात ‘नॅचरल’ हे विशेषण कसे फिरते ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या अंकात ग्लॉस्टर एडमंडला निष्ठावंत आणि ‘नॅचरल’ मुलगा म्हणतो. पित्याविषयी मुलाला वाटावी तशी ओढ ज्याला आहे तो ‘नॅचरल’, हे त्याच्या मनात आहे. परंतु ‘नॅचरल’ मूल म्हणजे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले मूल, हाही त्या शब्दाचा प्रचलित अर्थ. आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे की याच मुलाने बापाला फसवले आहे. बोलणाऱ्याच्या नकळत त्याच्या तोंडून सत्य बाहेर पडते. पुढे चौथ्या अंकात लिअर स्वतःला दैवाचा ‘नॅचरल’ मूर्ख म्हणवून घेतो, तेथे तिसरा अर्थ येतो : ‘नॅचरल’ म्हणजे जन्मतः मंदबुद्धी. प्रेमळ पुत्र, अनौरस पुत्र आणि जन्मजात वेडा या तिघांना एकच विशेषण लागू पडते. तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना जन्माचीच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा चमत्कार आकस्मिक राहत नाही.

वादळाचा प्रवेश तर मराठी वाचकासाठी विशेष उद्बोधक. माळरानावरील झंझावात, वीज, पाऊस हे आजच्या अर्थाने ‘निसर्गाचे रौद्र रूप’. वर्गात त्या प्रवेशाचे वर्णन याच शब्दांत केले जाते. परंतु तिसऱ्या अंकात केंट लिअरला झोपडीत येण्याची विनवणी करतो तेव्हा तो म्हणतो काय, तर उघड्यावरील रात्रीचा हा जुलूम ‘नेचर’ला सोसण्यापलीकडचा आहे. येथे ‘नेचर’ म्हणजे वादळ नव्हे. वादळ ज्याच्यावर आदळते ते माणसाचे शरीर म्हणजे ‘नेचर’. मराठीत याला अतिशय नैसर्गिक असा पर्याय आहे : ‘प्रकृतीला सोसवणार नाही.’ चौथ्या अंकात वैद्य लिअरच्या ‘नेचर’ला विश्रांतीची दाई हवी असे म्हणतो आणि कॉर्डेलिया वडिलांच्या जखमी ‘नेचर’ची भेग बुजवण्यासाठी देवांना विनवते, तेथेही ‘प्रकृती’ हा शब्द चपखल बसतो. ‘निसर्ग’ हा शब्द घातला तर वाक्य उलटेच होईल.

शेक्सपिअरनंतर शंभर वर्षांनी पोपच्या ‘ॲन एसे ऑन क्रिटिसिझम’ (१७११) मध्ये हाच शब्द समीक्षेच्या केंद्रस्थानी येतो. कवीने प्रथम ‘नेचर’ला अनुसरावे, हा पोपचा उपदेश. वर्ड्‌स्वर्थ शिकून आलेला विद्यार्थी हे वाचतो तेव्हा पोप हा स्वच्छंदतावादाचा अग्रदूत आहे की काय, अशा संभ्रमात पडतो. पुढे पोप सांगतो की व्हर्जिलला होमर आणि ‘नेचर’ यांत भेद दिसेना, आणि प्राचीनांचे नियम म्हणजे पद्धतशीर मांडलेली ‘नेचर’च. येथे ‘नेचर’चा अर्थ विवेकाला पटणारी, सर्वकाळी आणि सर्वत्र सारखी असणारी व्यवस्था. ती ग्रंथांतही सापडू शकते. किंबहुना रानापेक्षा ग्रंथांत अधिक सापडते. जॉन्सनच्या ‘रासेलस’ (१७५९) मध्ये इम्लॅक हे पात्र सांगते की कवीचे काम व्यक्तीचे नव्हे तर जातीचे परीक्षण करणे हे आहे. ट्यूलिपच्या पाकळीवरील रेषा मोजत बसणे हे नव्हे. आजच्या निसर्गकवितेचा वाचक नेमक्या त्या रेषांसाठीच कविता वाचतो, हा काळाचा विनोद. त्याच ग्रंथाच्या बाविसाव्या प्रकरणात एक तत्त्वज्ञ ‘नेचर’ला अनुसरून जगण्याचा उपदेश करतो. राजपुत्र नम्रपणे विचारतो की असे जगणे म्हणजे नेमके काय करणे. त्यावर तत्त्वज्ञ मोठमोठ्या शब्दांचा असा धबधबा सोडतो की हा गृहस्थ जितका ऐकावा तितका कमी समजतो, हे राजपुत्राच्या ध्यानी येते. मिलने शतकानंतर तर्काने सिद्ध केले ते जॉन्सनने एका पानात हसून दाखवले आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिलेले आणि विष्णुशास्त्री यांनी पुरे केलेले ‘रासेलस’चे भाषांतर मराठीत आहे, म्हणजे या शब्दाच्या पोकळपणाचा हा धडा मराठी गद्याला त्याच्या घडणीच्या काळातच मिळाला होता.

अर्थाचे वळण बदलते ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारखाने आणि वाढती शहरे यांच्या विरोधात ‘नेचर’ म्हणजे मानवी हात न लागलेला भूप्रदेश, ही कल्पना बळावली. ‘लिरिकल बॅलड्स’ (१७९८) हा टप्पा सर्वपरिचित आहे. त्यावर येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की वर्ड्‌स्वर्थलाही केवळ देखावा अभिप्रेत नव्हता. १८०० सालच्या प्रस्तावनेत ग्रामीण जीवनाची निवड त्याने केली ती माणसाच्या ‘नेचर’चे मूलभूत नियम तेथे अधिक स्पष्ट दिसतात म्हणून. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी लंडनमध्ये ‘नेचर’ याच नावाचे विज्ञानविषयक साप्ताहिक निघाले, तेव्हा त्याच्या शीर्षस्थानी वर्ड्‌स्वर्थची ओळ होती आणि पहिल्या अंकाच्या आरंभी हक्स्लीने भाषांतरिलेली, गटेच्या नावावरील ‘नेचर’विषयक सूत्रे होती. काव्य आणि प्रयोगशाळा यांना एका शब्दाखाली नांदता येत होते, तो काळ तोवर सरलेला नव्हता.

आता मराठीकडे वळता येईल. अमरकोशात ‘निसर्ग’ हा शब्द संसिद्धी, प्रकृती, स्वरूप आणि स्वभाव या शब्दांच्या पंक्तीत पर्याय म्हणून दिलेला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त काव्याची कारणे सांगताना प्रतिभेला ‘नैसर्गिकी’ म्हटले, ते ती रानावनात सापडते म्हणून नव्हे, तर जन्मतः लाभते म्हणून. आजही ‘निसर्गतः’, ‘निसर्गदत्त’, ‘निसर्गसिद्ध’ हे शब्द बोलताना हाच जुना अर्थ मराठी माणूस अजाणता वापरतो. म्हणजे ‘नेचर’ला ‘निसर्ग’ हा पर्याय ज्यांनी प्रथम योजला त्यांची निवड अचूक होती. पुढील इतिहासाने ती बिघडवली.

डोंगर, नद्या, ऋतू, चंद्रोदय यांना एकत्रितपणे सांगणारे एकच नाव संस्कृत काव्यशास्त्राने केले नाही, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. दंडीने महाकाव्यातील वर्ण्य विषयांची यादी दिली आहे. तीत नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रसूर्यांचे उदय, उद्यानविहार, जलक्रीडा, मद्यपान हे सारे एका ओळीत येतात. नगर आणि समुद्र यांच्यामध्ये ‘संस्कृती संपली, निसर्ग सुरू झाला’ अशी कोणतीही रेघ त्याने आखलेली नाही. रससिद्धांतात वसंत, चांदणे, मलयवायू हे उद्दीपन विभाव. त्यांचे स्थान रसाच्या संदर्भाने ठरते, त्यांच्या निसर्गपणाने नव्हे. आणि वस्तूचे यथार्थ वर्णन करण्याचे काम ज्या अलंकाराकडे आहे त्याचे नाव ‘स्वभावोक्ती’. दंडीने तिला पहिल्या अलंकाराचा मान दिला आणि तिचे दुसरे नाव दिले ‘जाति’. मागे सांगितलेली व्युत्पत्ती येथे आठवावी. ‘फ्युसिस’ आणि ‘नातूरा’ या दोन शब्दांचे संस्कृत सगोत्र शब्द एकाच अलंकाराच्या दोन नावांत एकत्र आले आहेत. हा कोणी केलेला अनुवाद नव्हे. जन्म आणि होणे या दोन कल्पनांतून वस्तूच्या मूळ धर्माकडे जाण्याची वाट दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे सापडली, इतकेच. दंडीने दिलेली उदाहरणे तर डोळे उघडणारी आहेत : पोपट, प्रियेभोवती घुमणारा पारवा, प्रिय व्यक्तीच्या स्पर्शाने अंगावर उठणारा रोमांच, आणि शंकर. पक्षी, मानवी देह आणि देव हे तिन्ही ‘स्वभावा’च्या कक्षेत. कुंतकाने पुढे स्वभावोक्तीचे अलंकारत्व नाकारले तेही या कारणाने की स्वभाव हा वर्णनाचा विषयच आहे, त्याला दागिना कसा म्हणावे.

‘प्रकृती’ या शब्दाची वाट निराळी. सांख्यांची प्रकृती, आयुर्वेदातील वात-पित्त-कफ प्रकृती आणि ‘प्रकृती कशी आहे?’ हा रोजचा प्रश्न या तिन्हींनी मराठीत तो शब्द इतका व्यापला की बाह्य सृष्टीसाठी तो उरलाच नाही. हिंदीत ‘प्रकृति’ने जे काम पत्करले ते मराठीत ‘निसर्गा’वर येऊन पडले, याचे एक कारण हे असावे. (आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या रूपांतराला ‘विकारविलसित’ हे नाव दिले तेव्हा प्रकृतीचा प्रतिस्पर्धी शब्द त्यांनी उचलला, हे सहज सुचते.) बाह्य जगासाठी जुना मराठी शब्द ‘सृष्टी’ : सृष्टिक्रम, सृष्टिसौंदर्य, सृष्टिचमत्कार. १९२८ साली पुण्यात निघालेल्या विज्ञानविषयक मासिकाचे नाव ‘सृष्टिज्ञान’ आहे, ‘निसर्गज्ञान’ नव्हे. तथापि ‘सृष्टी’त स्रष्टा गृहीत आहे, आणि इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्य वाचून लिहू लागलेल्या पिढीला नव्या कल्पनेसाठी नवा वाटेल असा शब्द हवा होता. ‘निसर्ग’ हाती होता. तो बाहेर, रानात गेला आणि परत आला नाही.

या अर्थसंकोचाचे पहिले मूल्य बालकवींनी मोजले. ‘निसर्गकवी’ हे बिरुद त्यांच्या नावाला इतके चिकटले की ‘फुलराणी’, ‘निर्झरास’, ‘अरुण’ यांच्या पंक्तीत ‘औदुंबर’ आणि ‘पारवा’ याही ‘निसर्गकविता’ म्हणूनच शिकवल्या जातात. वास्तविक ‘पारवा’ ही कविता ज्या खिन्नतेची आहे ती पक्ष्याची नव्हे. आणि तिचे स्थळ रान नसून माणसांनी बांधलेली व माणसांनी टाकलेली पडकी धर्मशाळा आहे. ‘औदुंबरा’वर मराठी समीक्षेत झालेला दीर्घ अर्थनिर्णयाचा वाद हा खरे पाहता ‘निसर्गकविता’ या वर्गनामाच्या अपुरेपणाचा पुरावा आहे. बालकवींची कविता जुन्या, अमरकोशातील अर्थाने निसर्गाची आहे, म्हणजे एका मनाच्या मूळ घडणीची आहे, असे म्हटले तर तिच्या जवळ जाता येते.

दुसरा गोंधळ ‘निसर्गवादा’चा. झोलाच्या ‘नॅचरॅलिझम’ला मराठीत बहुधा हाच शब्द वापरतात. झोलाच्या मनात होता तो जीवसृष्टीचा अभ्यासक आणि क्लोद बर्नारसारखा प्रयोगशील वैद्यकसंशोधक. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्या नियमांनी बांधलेला माणूस कादंबरीत तपासावा, हे त्याचे ‘ल रोमाँ एक्सपेरिमाँताल’ (१८८०) मधील प्रतिपादन. ‘लासॉम्वार’ (१८७७) ही पॅरिसमधील कष्टकरी वस्तीतील एका धोबिणीची कथा; ‘जेर्मिनाल’ (१८८५) कोळशाच्या खाणीतली. निसर्गकविता आणि निसर्गवाद एकाच प्रश्नपत्रिकेत शेजारी आले की विद्यार्थी दोहोंचे गोत्र एक समजतो, यात दोष कोणाचा? हिंदी समीक्षेने ‘प्रकृतवाद’ असा वेगळा शब्द रूढ केला. मराठीतही तो घेण्यास प्रत्यवाय नसावा.

हे केवळ वर्गातील प्रश्न आहेत असेही नाही. ‘नैसर्गिक न्याय’ हा न्यायव्यवहारातील शब्द, ‘नैसर्गिक संख्या’ हा गणितातील. तेथे कोणाला झाडे आठवत नाहीत, म्हणून गोंधळ होत नाही. ‘अनैसर्गिक’ या शब्दाची कथा अधिक गंभीर आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७७ व्या कलमात ‘नेचर’च्या क्रमाविरुद्धचा संभोग हा गुन्हा ठरवला होता. तेथील ‘नेचर’ ही मिलने सांगितलेल्या दोन्ही अर्थांपैकी कोणत्याच अर्थाची नाही. ती लिअरची ‘नेचर’ आहे : ईश्वरदत्त, नीतिबद्ध, उल्लंघन करणाऱ्याला दंड करणारी. लिअर आपल्या मुलींना ‘अननॅचरल’ म्हणतो तेव्हा तो शाप असतो. तोच शब्द कायद्यात आला की शिक्षा होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढ व्यक्तींमधील परस्परसंमतीच्या संबंधांपुरते हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला जागा मिळाली नाही. दीडशेहून अधिक वर्षे एका अनेकार्थी शब्दाचा एकच अर्थ खरा मानण्याची किंमत खऱ्या माणसांनी दिली.

अनुवादकापुढील प्रश्न यामुळे सोपा होतो आणि कठीणही. ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र नटांना सांगतो की नाटकाचे काम ‘नेचर’पुढे आरसा धरण्याचे आहे. येथे ‘निसर्गापुढे आरसा’ म्हणणे म्हणजे नाट्यगृहात चित्रपटासारखा देखावा उभा करण्याची सूचना देणे. या ठिकाणी मराठीला कोठे दूर जाण्याची गरज नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्य म्हणजे काय ते सांगताना, लोकांचा सुखदुःखांनी युक्त असा जो ‘स्वभाव’ तोच अभिनयाने युक्त झाला की नाट्य होतो, असे म्हटले आहे. हॅम्लेटला जे म्हणावयाचे आहे त्यासाठी ‘लोकस्वभाव’ याहून नेमका शब्द सापडणे अवघड. पोपच्या वाक्यात ‘प्रकृतिधर्म’, केंटच्या तोंडी ‘प्रकृती’, जॉन्सनच्या समीक्षेत ‘मनुष्यस्वभाव’, वर्ड्‌स्वर्थमध्ये प्रसंग पाहून ‘सृष्टी’ वा ‘निसर्ग’, अशी वाटणी करता येते, आणि वाचन बरेच निर्दोष होते.

‘किंग लिअर’पाशी मात्र ही वाटणीच घात करते. विंदा करंदीकरांसारख्या कवीने ‘राजा लिअर’ मराठीत आणला. त्यांच्यासह कोणाही अनुवादकासमोर अडचण तीच. एडमंडच्या आवाहनात ‘सृष्टिशक्ती’, लिअरच्या शापात ‘सृष्टिधर्म’, ग्लॉस्टरच्या कौतुकात ‘पोटचा’, वैद्याच्या बोलण्यात ‘प्रकृती’ असे प्रत्येक जागी योग्य शब्द ठेवले की प्रत्येक वाक्य मराठीत बिनचूक उभे राहते, आणि दोन माणसे एकाच देवतेच्या नावाने एकमेकांविरुद्ध प्रार्थना करीत आहेत हे प्रेक्षकाला ऐकू येईनासे होते. सर्वत्र एकच शब्द ठेवावा तर तो कोणता? ‘निसर्ग’ ठेवला तर वादळ तेवढे दिसते. ‘प्रकृती’ ठेवला तर देवता, देह आणि सृष्टी हे तिन्ही त्यात येऊ शकतात, कारण सांख्यांपासून वैद्यांपर्यंत सर्वांनी तो वापरलेला आहे. पण ग्लॉस्टर ‘नॅचरल’ म्हणतो तेव्हा जन्माचा जो डाग त्या शब्दातून डोकावतो तो ‘प्रकृती’त नाही. तो ‘जाति’च्या ‘जन्’मध्ये आहे, आणि आजच्या मराठीत ‘जात’ हा शब्द उच्चारताच तो भलत्याच इतिहासाकडे घेऊन जातो.